आखाजीचं मूळ

आखाजीच्या आदल्या दिवशी धुळ्याच्या कामगार कोर्टाबाहेर अभिमनची जीप येऊन थांबली, तेव्हा मंदा पायऱ्यांवर उभी राहून एका कारखान्याच्या वकिलाशी हुज्जत घालत होती. बोलता बोलता तिची नजर फाटकाकडे गेली आणि वाक्य अर्ध्यावरच राहिलं.

"काय पाटीलबाई, मुद्दे संपले की काय?" त्या वकिलानं हसत विचारलं.

"संपतील कसे? सुट्टीनंतर सांगते उरलेले," म्हणत ती पायऱ्या उतरून खाली आली.

अभिमन जीपला टेकून उभा होता. वडील, आबा, गेल्यापासून त्याच्या कानशिलांवर पांढरं दिसायला लागलं होतं. मंदाच्या ते तेव्हा लक्षातच आलं नव्हतं. मंदानं घरच्याच कारखान्यातल्या ताईबाईचा खटला अभिमनविरुद्ध दाखल केला आणि तेव्हापासून भावाबहिणीत एक शब्द झाला नव्हता. एक पत्र नाही, कुणाबरोबर निरोप नाही.

"न्यायला आलोय, अक्का," तो म्हणाला. "आबांची पहिली घागर आहे उद्या."

मंदाला पुष्कळ काही विचारायचं होतं. पण तोंडातून निघालं ते एवढंच, "थांब. पिशवी भरून येते."

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणीला माहेरचं मूळ येतं. भाऊ येतो, बाप येतो, पोरीला घेऊन जातो, आणि ज्या पोरीला मूळ येत नाही तिच्याकडे गल्ली वेगळ्याच नजरेनं बघते. मंदाचं लग्न झालं नव्हतं. तिला मूळ यायचं काही कारणच नव्हतं. तरी तोताराम आबा दरवर्षी चोपड्याहून एसटीनं धुळ्याला येत, कोर्टाच्या ओट्यावर टोपी मांडीवर घेऊन बसत आणि कुणी विचारलं तर सांगत, "पोरगी सासरी आहे ना इथं. तिला न्यायला आलो." काळे कोट फिदीफिदी हसायचे. मंदा शरमेनं लाल व्हायची, आबांना हाताला धरून घाईघाईनं रिक्षात बसवायची. मागच्या दसऱ्याला आबा गेले. या वर्षी तिनं मनाची समजूत घालून ठेवली होती की कुणी येणार नाही. हाताखालच्या सुनंदाला, म्हणजे तिच्या ज्युनिअरला, तिनं सणाचं जेवायलाही बोलावून ठेवलं होतं.

"जा ताई, जा तुम्ही. माझ्या जेवणाचं काय घेऊन बसलात!" सुनंदा पिशवीत साड्या कोंबत म्हणाली. मग जरा थांबून, "पण ते आत्ताच का आले असतील?"

"मूळ आलं की कारण विचारू नये," मंदा म्हणाली. वकिलीत आल्यापासून इतकं कच्चं उत्तर तिनं कुणाला दिलं नसेल.

जीप शिरपूरच्या रस्त्याला लागली. अभिमन केळीच्या भावाबद्दल बोलला, थोरल्याच्या दहावीबद्दल बोलला, तापीचा पूल आला तेव्हा "पाणी बघ किती खाली गेलं" म्हणाला. खटल्याचं नाव त्यानं काढलं नाही, तिनंही काढलं नाही. शिरपूरला त्यानं तिच्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगितला. तिला साखर वर्ज्य होऊन वर्ष झालं होतं. हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे. मंदानं कपबशी हातात घेतली. ती तोंड फिरवून समोरच्या निंबाकडे बघत बसली.

ती वकील झाली ती आबांच्या हट्टानं. धुळ्याच्या बाररूममध्ये तेव्हा बाईमाणसाला बसायला धड खुर्ची नव्हती. पहिली काही वर्षं तिच्याकडे यायच्या त्या फक्त नवऱ्यांनी टाकलेल्या बायका, कारण बाईवकिलाला दुसरं काय जमणार, असं सगळ्यांचंच मत होतं. मग एकदा एका गिरणीतल्या कामगारांना कुणी वकील मिळेना. मालक मोठा, त्याच्याशी वाकडं कोण घेणार? मंदानं ते काम घेतलं आणि जिंकलं. त्यानंतर ती 'लेबरवाली बाई' झाली. पुढे पुढे छोटे कारखानदारही यायला लागले. कामगाराशी भांडण नको असेल तर आधी हिला विचारा, असं म्हणायला लागले. भागीदारीचे करार, नोकरीच्या अटी, दुकानांचे परवाने, सगळं तिच्या टेबलावरून जायला लागलं. घरच्या जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याचा, कागद तेवढा तिच्या टेबलावर कधी आला नाही. आबा तो जळगावच्या एका जुन्या वकिलाकडे द्यायचे. एकदा तिनं विचारलंही होतं.

"घरच्या वैद्याचं औषध लागू पडत नाही, बेटा," आबा म्हणाले होते, आणि विषय बदलला होता. ते एक वाक्य तिला किती दिवस आतून सलत राहिलं, हे त्यांना कधी कळलं नाही.

चोपड्याच्या घरापुढे जीप थांबली तेव्हा माय दारातच उभी होती. झुंबरबाईचं कपाळ आता मोकळं होतं. मंदाला ते दर खेपेला नव्यानं दिसायचं. मायनं भाकरतुकडा ओवाळून टाकला, पाण्याचं भांडं ओतलं आणि लेकीच्या गालावरून हात फिरवला.

"उनी का बेटी? कितली वाळी गयी व तू!"

"कुठं वाळले? कोट मावत नाही अंगात."

"कोट मावो ना मावो. माले दिसस ना."

अभिमनची बायको लता हसत पुढे आली, तिनं नणंदेच्या हातातली पिशवी घेतली. ओसरीत पितांबर नाना, आबांचे धाकटे भाऊ, खुर्चीत बसले होते. त्यांनी मान वर करून "ये मंदा, बरं झालं आलीस" म्हटलं. इतकं सगळं सुरळीत होतं की मंदाच्या मनातला वकील सारखा डोकं वर काढत होता, आणि ती त्याला खाली दाबत होती.

सकाळी पितरांच्या नावानं घागर भरली. नवी लाल घागर, तिच्यावर लोटा, लोट्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबे. अभिमननं चुलीतल्या निखाऱ्यावर तूप-पोळीची आगारी टाकली. तुपाचा धूर सरळ वर गेला. आजवर आबा वाडवडिलांची नावं घ्यायचे आणि अभिमन शेजारी बसायचा. आज अभिमननं नावं घेतली, आणि शेवटी 'तोताराम' म्हणताना त्याचा आवाज फुटला. मंदानं मागून त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्यानं तो झटकला नाही. खापरावरची पुरणपोळी, आमरस, भजी, कुरडया; पंगत उठली. पुरुषमंडळी ओसरीत सुपारी कातरत बसली, तेव्हा नानांनी हाक मारली.

"मंदा, जरा इकडं ये. बस. अभिमनला बोलायचंय तुझ्याशी."

आता खरं कारण बाहेर येणार, हे तिला कळलं. ती सतरंजीवर बसली.

अभिमन घसा खाकरून म्हणाला, "अक्का, रतिलालशेठशी माझं बोलणं झालंय. भागीदार म्हणून त्यांची काही हरकत नाही. जळगावच्या वकिलांचंही वय झालंय. पुढच्या हंगामापासून जिनिंगचं सगळं काम तुझ्याकडे द्यायचं म्हणतोय. भागीदारीचं, कामगारांचं, टॅक्सचं, सगळं. फाटकावर पाटी लावू, कायदेशीर सल्लागार म्हणून तुझ्या नावाची. महिन्यातून आठ दिवस इथं राहा. वरची खोली रिकामीच आहे."

मंदाला आपल्या कानांवर विश्वास बसेना. इतकी वर्षं जे मागायचं नाही म्हणून तिनं मनात दाबून ठेवलं होतं, ते हा ताटात वाढून पुढे करत होता.

"आणि ताईबाई?" तिनं हळू विचारलं.

"तिचं वकीलपत्र तेवढं सोड."

"मी ते सोडलं तरी त्या खटल्यात तुझ्या बाजूनं मला उभं राहता येत नाही, भाऊ. तसा कायदाच नाही."

"कोण म्हणतंय उभी राहा? तो खटला जळगावचे वकील निपटतील. तू नुसती बाजूला हो. तिला दुसरा वकील मिळेल की."

"जिनिंगवाल्याविरुद्ध चोपड्याच्या बाईला? कोण घेईल?"

नाना मध्ये पडले. "हे बघ पोरी, गावात लोक काय बोलतात ठाऊक आहे? तोताराम पाटलाची मुलगी बापाच्या जिनिंगवर उठली. आबा असते तर त्यांना हे सोसलं असतं का? तू आमची आहेस की त्या कवडी निवडणाऱ्या बायांची?"

ताईबाई जिनिंगमध्ये कापसातली कवडी, म्हणजे किडकी डागाळलेली बोंडं, निवडायच्या कामावर होती. हंगामामागून हंगाम ती तिथं बसत आली होती. मागच्या वर्षी बाळंतपणाला गेली आणि परत आली, तर तिच्या जागेवर दुसरी बाई होती. रजेचा पगार नाहीच, कामही नाही. अभिमनचं म्हणणं कोर्टात असं, की ती बाई आमची नव्हेच. ती लोटन मुकादमाची. तिला कामावर ठेवणारा तो, काढणारा तो. जिनिंगचा संबंध नाही.

"संध्याकाळपर्यंत सांगते," मंदा म्हणाली आणि उठली.

आत लता भांडी आवरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं हे तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

"हो म्हणा, अक्का," ती न वळताच बोलली. "मी तुमच्या पाया पडते. आबा गेले तेव्हापासून या घरात कुणी मोठ्यानं हसत नाही. हे रात्रंदिवस त्या शेठबरोबर. सासूबाई गप्प. माझं बीकॉम झालंय, हे मला स्वतःलाच आठवेनासं झालंय. तुम्ही महिन्याला आठ दिवस आलात तर मला बोलायला कुणीतरी होईल."

मंदा तिच्या शेजारी बसली, एक पातेलं ओढून पुसायला लागली. धुळ्यातल्या दोन खोल्या तिला आठवल्या. संध्याकाळी कुलूप उघडताना येणारा तो बंद हवेचा वास. वरच्या खोलीच्या खिडकीतून सातपुड्याची निळी रेघ दिसते. लहानपणी ती आणि अभिमन तिथं बसून कैऱ्या खायची. हो म्हणायला किती वेळ लागतो? आणि ताईबाईला सुनंदा सांभाळेल की. सुनंदा हुशार आहे. नवीन आहे, पण हुशार आहे. स्वतःशीच असा युक्तिवाद करताना मंदाला कळत होतं की यात पोकळ जागा कुठं आहे. समोरचा वकील असता तर तिनं नेमकं तिथंच बोट ठेवलं असतं.

"बघते," ती म्हणाली. आणि त्या क्षणी तिच्या मनात हो होतं.

उन्हं कलली तशा अंगणातल्या निंबाखाली बाया जमू लागल्या. झोका बांधलेला होता. गल्लीतल्या माहेरवाशिणी, पोरीबाळी, आणि जिनिंगमधल्या बायाही. त्यांची दरवर्षी आबांच्या अंगणात यायची रीत होती. गाणी सुरू झाली, झोका निंबाच्या फांदीपर्यंत चढला. लतानं ओढत नेऊन मंदालाही बसवलं. वाऱ्यानं पदर उडाला, मंदा पोरीसारखी ओरडली, आणि ओसरीत बसलेला अभिमन हसला. खराखुरा हसला. मंदानं ठरवलं, झोक्यावरून उतरलं की त्याला सांगायचं.

उतरली, तर समोर ताईबाई उभी. कडेवर तान्हं, हातात पिवळंधमक डांगर.

"आबासनी घागरले डांगर लई उनू, अक्का," ती म्हणाली. "सकायले येवानं व्हतं. पन याले ताप व्हता."

मंदानं डांगर घेतलं. ताईबाई मोकळेपणी बोलत होती. मुकादम दोनदा येऊन गेला, खटला मागे घे म्हणाला; पण तिनं सांगितलं, अक्काला विचारल्याशिवाय मी काही करणार नाही. "माले काय समजस त्यामानलं? मी सांगं, अक्का शेतस ना." बाळानं मंदाच्या गळ्यातली साखळी मुठीत धरली आणि सोडीना. मंदा ती सोडवत राहिली. सगळं अंगण बघत होतं.

ओसरीतून अभिमनचा आवाज आला. "हिला कुणी बोलावलं?"

गाणी थांबली.

"आखाजीला कुणाला बोलवावं लागत नाही," मंदा म्हणाली.

"कोर्टात खेचायचं आणि अंगणात फळं घेऊन यायचं?" तो खाली उतरला. "अक्का, तूच सांगितलंस ना हिला यायला? साक्षीपुराव्यासाठी? बघा, आबांच्या घरात हिची ऊठबस आहे, असं दाखवायला?"

तो हे खरंच म्हणत होता. त्याच्या डोळ्यांत राग कमी आणि भीती जास्त होती.

नाना वरून म्हणाले, "ए बाई, तू मुकादमाची आहेस ना? मग त्याच्या अंगणात जा. इथं आमचा काही संबंध नाही."

ताईबाईनं बाळाचा हात सोडवून घेतला आणि ती वळली. तेवढ्यात दारात बसलेली माय उठली. झुंबरबाई कधी पुरुषांच्या बोलण्यात पडायची नाही. आबा असतानाही नाही. ती सावकाश पायरी उतरली आणि दिराकडे न बघता मुलासमोर येऊन उभी राहिली.

"अभिमन, जिनिंग सुरू व्हयनी तवय मी बी त्या बायासनामा कवडी निवडाले बशेल शे. तू पोटमा व्हता. मुकादमनं तवय नाव बी नव्हतं. तुना बाप सांगे, बठ्ठ्या बाया आपल्याच शेतस." ती जरा थांबली. "आते तू सांगस, कवडी निवडनारी बाई मुकादमनी. मंग मी? मी बी मुकादमनीच का?"

नानांनी तोंड फिरवलं. लता दाराच्या चौकटीला धरून उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. अभिमन जीपकडे गेला आणि कुणालाही न सांगता निघून गेला.

मंदा डांगर हातात घेऊन घरात आली. तिनं ते घागरीपाशी ठेवलं आणि तिथंच भिंतीला टेकून बसली. माय येऊन तिच्याजवळ बसली. मंदाच्या डोक्यात मात्र वकील जागा झाला होता. जिनिंग सुरू झाली तेव्हापासून बाया थेट आबांच्या कामावर होत्या, हे सांगणारं एकही माणूस तिला इतके महिने सापडलं नव्हतं. जुन्या बाया मेल्या होत्या, उरलेल्या घाबरत होत्या. आणि ती साक्षीदार ही इथं, गुडघ्याला गुडघा लावून बसली होती. एक समन्स काढलं की खटला संपला.

तिनं मायच्या हाताकडे पाहिलं. बोटांच्या पेरांवर कापसाच्या बोंडांनी पडलेले जुने बारीक वण अजून होते.

"काय पाहस?" मायनं विचारलं.

"काही नाही."

अभिमन दिवेलागणीला परत आला. मंदा ओसरीतच थांबली होती. तिनं सरळ सांगितलं, "भाऊ, वकीलपत्र मी सोडणार नाही."

"ठाऊक होतं मला." तो तिच्याकडे बघत नव्हता. "पाटीचं बोललो ते खोटं नव्हतं, अक्का. केवळ खटल्यासाठी नव्हतं. आबांच्याही मनात होतं ते कधीकधी."

"आबा तसं बोलले होते?"

तो पायातले जोडे काढायला वाकला. मंदानं पुन्हा विचारलं नाही. विचारलं असतं आणि तो नाही म्हणाला असता, तर?

सकाळी ती एसटीनं निघाली. जीप दारात उभी होती, पण अभिमन सोडायला आला नाही. लता स्टँडपर्यंत चालत आली. नानांनी आतून नुसतं "हं" केलं. माय फाटकापर्यंत आली.

"परत येशी ना व?"

"बोलावलं तर येईन, माय."

"माले कोन इचारस?" माय म्हणाली आणि मागे वळली.

धुळ्याला सुनंदानं सगळं ऐकलं आणि ताडकन उभी राहिली. "ताई! साक्षीदारांच्या यादीत आईंचं नाव घालू या. लगेच. जिंकलो आपण."

मंदानं ताईबाईला बोलावून घेतलं. तिच्यापासून लपवणं तिला जमण्यासारखं नव्हतं. "एक साक्ष आहे," तिनं सांगितलं, "ती दिली तर तुझं काम होईल. पण ती साक्ष माझ्या आईची आहे, आणि तिला पोराविरुद्ध पिंजऱ्यात उभं करायला माझा हात धजत नाही. तुझा खटला आहे. तू म्हणत असशील तर मी हे काम दुसऱ्याकडे देते, तो तिला बोलवेल. मी काही म्हणणार नाही. तुझा हक्क आहे तो."

ताईबाईनं बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं. पोराला जगवायचं होतं, काम हवं होतं, ते सगळं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"नका, अक्का," ती शेवटी म्हणाली. "झुंबरमायले कोर्टमा उभं नका करा. मना हात धरीसन त्यासनी माले कवडी निवडाले शिकाडेल शे."

यादी गेली ती मायच्या नावाशिवाय. सुनंदा दोन दिवस मंदाशी नीट बोलली नाही.

चोपड्याला मात्र अभिमन त्या समन्सची वाट पाहत होता. हे मंदाला पुढे लताकडून कळलं. पोस्टमन दिसला की तो ओसरीत यायचा. जळगावच्या वकिलांनी त्याला बजावलं होतं, "तुमच्या आईचं नाव येणार. मी असतो तर सर्वांत आधी तेच घातलं असतं." यादीची प्रत आली. त्यानं ती वाचली, पुन्हा वाचली, मग मायच्या खोलीच्या दारात जाऊन उगाच उभा राहिला. दुसऱ्या दिवशी तो जळगावला गेला आणि वकिलांना म्हणाला, तडजोड करायची आहे.

श्रावणातल्या एका सकाळी दोन्ही बाजू कोर्टापुढे उभ्या राहिल्या. ताईबाईला जिनिंगची कामगार म्हणून परत घ्यायचं, बाळंतपणाची रजा तिच्या हक्काची धरायची, आणि इतर बायांनाही पुढे तोच नियम. मसुदा मंदानं लिहिला होता, मराठीत, अगदी सोप्या शब्दांत. जळगावच्या वकिलांना घाई होती. त्यांनी तो अभिमनपुढे सरकवून "सही करा" म्हटलं. अभिमन पेन हातात घेऊन तसाच बसून राहिला. तेव्हा मंदाच टेबल ओलांडून गेली आणि तिनं त्याला एकेक कलम वाचून दाखवलं. तो खाली बघून ऐकत होता. त्यानं एका जागी अर्थ विचारला, तिनं सांगितला. मग त्यानं सही केली. त्याच पानावर खाली तिची सही होती.

न्यायाधीश नवे होते. अर्ध्या खानदेशाचं आडनाव पाटील, त्यामुळे त्यांना काही कळण्याचं कारण नव्हतं. त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मजकूर समजलाय ना तुम्हाला? कुणी समजावून सांगितला?"

"अक्कानं," अभिमन म्हणाला.

"कोण अक्का?"

अभिमनच्या लक्षात आलं आणि तो गोंधळला. त्यानं आपल्या वकिलांकडे बघितलं. मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. मंदा उभी राहिली.

"मी, साहेब. मी यांची थोरली बहीण."

न्यायाधीशांनी चष्म्यावरून दोघांकडे पाहिलं. मग त्यांनी लेखनिकाला विचारलं, हे लिहून घेतलं का. त्यानं नाही म्हणून मान हलवली.

"नका लिहू," न्यायाधीश म्हणाले आणि त्यांनी हुकमावर सही केली.

बाहेर आल्यावर ताईबाई मंदाच्या पाया पडायला वाकली. मंदानं तिला मध्येच धरलं. सुनंदा पेढे आणायला पळाली. मंदा जिन्याच्या खिडकीशी आली. खाली अभिमनचे वकील आधीच जीपमध्ये जाऊन बसले होते. अभिमन दार उघडून बाहेरच उभा होता, एक पाय वर ठेवून. तो वर बघेल असं तिला वाटलं. हाक मारावी, असंही वाटलं; जिना उतरायला कितीसा वेळ लागणार होता? पण मूळ माहेरानं धाडायचं असतं, पोरीनं मागायचं नसतं, हे ती आयुष्यभर ऐकत आली होती.

तो बराच वेळ तसाच उभा राहिला. मग आत बसला, आणि जीप शिरपूरच्या रस्त्यानं निघून गेली. मंदा खिडकीशी उभीच होती. मागून शिपायानं पुढच्या खटल्याचा पुकारा केला, दुसऱ्यांदा केला, तेव्हा तिनं गळ्यातला पांढरा पट्टा सरळ केला आणि ती आत गेली.